‘१-०-१’ने न सांगितलेलं: लोह, कॅल्शियम, झिंक आणि थायरॉइडच्या गोळ्या कुठल्या क्रमाने घ्यायच्या

चिठ्ठीवर लोहाच्या गोळीपुढे ‘१-०-१’ लिहिलेलं असतं. खालच्या ओळीत कॅल्शियम, त्याच्यापुढेही ‘१-०-१’. मग घरी काय होतं? नाश्ता झाला की दोन्ही गोळ्या तळहातावर, एकदम तोंडात, आणि वर घोटभर चहा. रात्री जेवणानंतर पुन्हा तेच, फक्त चहाच्या जागी हळदीचं दूध. तीन महिन्यांनी रक्त तपासलं की हिमोग्लोबिन जिथल्या तिथे, आणि दोष कंपनीला: “ही गोळी लागूच पडत नाही हो, दुसरी द्या.”

मी मेडिकलच्या काउंटरमागे उभा असतो, त्यामुळे हे दर आठवड्याला ऐकतो. गोळी बहुतेक वेळा ठीकच असते. तिच्याबरोबर पोटात काय गेलं, ते विचारावं लागतं.

एक काकू दर महिन्याला थायरॉइडची गोळी न्यायच्या. आधी ५० मायक्रोग्रॅमची, मग ७५ची, मग १००ची. टीएसएच (रक्ततपासणीतला थायरॉइडचा आकडा, गोळी कमी पडली की तो चढलेला राहतो) काही खाली येईना. एकदा गर्दी नव्हती म्हणून विचारलं, “घेता कशी?” म्हणाल्या, “उठल्या उठल्या, अनशापोटी, एक दिवस चुकवत नाही. हाडांच्या डॉक्टरांची गोळीपण तेव्हाच घेते, म्हणजे विसरायला नको.” हाडांची गोळी म्हणजे कॅल्शियम. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, आणि दोघांपैकी कुणीच दुसऱ्याची चिठ्ठी पाहिलेली नव्हती. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतलं औषध, पोटात कॅल्शियमला चिकटतं आणि बराचसा डोस रक्तात पोचतच नाही. गोळ्यांच्या वेळा वेगळ्या केल्यावर पुढच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी डोस उलट कमी केला.

डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. दिवसाच्या घड्याळात गोळ्या बसवण्याचं काम मात्र घरीच करावं लागतं, आणि ते पुढच्या क्रमाने केलं तर गोंधळ होत नाही. क्रम उलटा केला, म्हणजे आधी लोहाची वेळ ठरवली आणि मग बाकीच्यांना जागा शोधली, तर हमखास अडकायला होतं.

## तयारी: सगळं एका ताटात काढा

एक मोठं ताट घ्या. घरातल्या ज्या माणसाचं वेळापत्रक करायचंय, त्याच्या पोटात आठवड्याभरात जे जे जातं ते सगळं त्यात ठेवा. नुसत्या चिठ्ठीवरच्या गोळ्या नकोत. टीव्हीशेजारची ॲसिडिटीची पातळ औषधाची बाटली, मुलीने परदेशातून पाठवलेला मल्टीव्हिटॅमिनचा डबा, प्रोटीन पावडर, इसबगोल, भिशीतल्या मैत्रिणीने सुचवलेल्या केसांच्या गोळ्या, सगळं. केसांच्या गोळीत बहुधा झिंक असतं, कधी लोहही. प्रोटीन पावडरच्या डब्यावर कॅल्शियमचा आकडा असतो. ॲसिडिटीच्या औषधात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असतं.

आता एक कागद घ्या आणि उभे चार रकाने आखा: नाव, आत काय आहे, किती, कुणी दिलं. चौथा रकाना गाळू नका. एकच वस्तू दोन डॉक्टरांनी दिली असेल तर ती याच रकान्यात पकडली जाते.

## टप्पा १: स्ट्रिपची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत नाव असतं, कामाचा मजकूर मागे बारीक छापलेला. तिथे दोन आकडे असू शकतात आणि लोक चुकीचा धरतात.

कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर त्यातलं प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. कार्बोनेटमध्ये ते ४० टक्के असतं. सायट्रेटमध्ये साधारण २१ टक्केच, म्हणून सायट्रेटची गोळी मोठी दिसूनही कॅल्शियम कमी निघतं. लोहाचंही तसंच. फेरस फ्युमरेटमध्ये सुमारे ३३ टक्के लोह, ग्लुकोनेटमध्ये १२ टक्के. फेरस ॲस्कॉर्बेटच्या स्ट्रिपवर बहुतेकदा मूळ लोह किती ते सरळ दिलेलं असतं, उदाहरणार्थ १०० मिलिग्रॅम. तुमच्या कागदावर मूळ घटकाचाच आकडा लिहा.

तपासा: एकच घटक दोन ठिकाणी आलाय का? कॅल्शियमच्या गोळीत ड-३ जीवनसत्त्व असतं, शिवाय आठवड्यातून एकदा घ्यायचं ६०,००० युनिटचं पाकीट किंवा कॅप्सूल वेगळी असते.

सावधान: ते ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक म्हणून दिलेलं असतं. रोज एक फोडून दुधात घेणारी माणसं मी पाहिली आहेत. पाकिटावर पेनाने वार लिहून ठेवा.

## टप्पा २: अनशापोटी घ्यायची गोळी आधी बसवा

वेळेच्या बाबतीत अजिबात तडजोड न करणाऱ्या गोळ्या दोन-तीनच. त्यांची जागा पहिल्यांदा ठरवायची.

थायरॉक्सिन: उठल्यावर, साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या आणि चहाच्या आधी ३० ते ६० मिनिटं. लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीचं पातळ औषध यांच्यापासून ४ तास लांब. गोळी सहाला घेतली तर दहापर्यंत यातलं काहीही नको, हे कागदावर स्पष्ट लिहा.

हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती आठवड्याची गोळी (ॲलेन्ड्रोनेट वगैरे): हीसुद्धा उठल्यावर, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, दुसरी गोळी नाही, आणि आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. ज्या दिवशी ही गोळी असेल त्या दिवशी थायरॉइडच्या गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

सावधान: आजवर थायरॉइडची गोळी कॅल्शियम किंवा लोहाबरोबर घेत असाल आणि आता वेळा वेगळ्या करणार असाल, तर डॉक्टरांना आधी कळवा. चुकीच्या पद्धतीने घेत असताना वाढवलेला डोस आता पुरेपूर अंगी लागेल आणि जास्त होईल: धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. वेळ बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतात.

## टप्पा ३: आता चहा लिहा

हा टप्पा सगळे गाळतात. गोळ्यांचं सुरेख वेळापत्रक करतात आणि चहा कुठेच नसतो, जणू तो औषधांच्या जगात येतच नाही. चहातली टॅनिन आणि कॉफीतली तशीच द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. दूध घातलं म्हणून सुटका नाही, दुधात कॅल्शियम आहेच.

म्हणून दिवसात चहा किती वाजता होतो ते प्रामाणिकपणे लिहा. शेजारीण आली की होणारा अकराचाही, कारण लोहाची सगळ्यात चांगली जागा नेमकी तिथेच असते. चहा सोडायची गरज नाही. लोहाची गोळी आणि चहा यांच्यात दोन्ही बाजूंना एक तास हवाच, दोन मिळाले तर उत्तम.

## टप्पा ४: कॅल्शियम जेवणाला बांधा

कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि ते जेवणाबरोबर भरपूर सुटतं. म्हणून ही गोळी जेवता जेवता किंवा जेवण संपल्या संपल्या घ्यायची. सायट्रेटचं असेल तर रिकाम्या पोटीही चालतं. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल (ॲसिडिटीसाठी पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या) बरेच महिने घेणाऱ्यांच्या पोटात आम्लच कमी असतं. त्यांनी कार्बोनेटऐवजी सायट्रेट चालेल का, असं डॉक्टरांना विचारावं.

एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम नीट शोषलं जातं, त्यापुढचं मोठ्या प्रमाणात वाया जातं. दिवसाला १००० लिहून दिलं असेल तर दोन जेवणांत वाटा. “एकदाच दोन घेऊन टाकतो” म्हणणाऱ्याचे अर्धे पैसे गटारात जातात, वर पोट जड होतं ते वेगळंच.

ज्या जेवणात दही, ताक, नाचणीची भाकरी असं भरपूर असतं, त्या जेवणाला गोळी नाही बांधली तरी चालेल. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं.

उपवासाच्या दिवशी: चतुर्थीला दिवसभर पोट रिकामं आणि कार्बोनेटची गोळी मात्र नेहमीच्या वेळी, हे जमत नाही. खिचडी किंवा भगरीबरोबर घ्या, नाहीतर रात्री उपवास सोडताना.

## टप्पा ५: उरलेल्या फटीत लोह

थायरॉइड, चहा आणि कॅल्शियम लिहून झाल्यावर कागदावर जी मोकळी फट दिसते, ती लोहाची. अटी अशा:

१. जेवणानंतर दोन तास किंवा जेवणाआधी एक तास.
२. कॅल्शियमच्या गोळीपासून निदान दोन तास.
३. थायरॉक्सिनपासून चार तास.
४. चहा-कॉफीपासून एक ते दोन तास.
५. पाण्याबरोबर किंवा लिंबूपाणी, कोकम सरबताबरोबर. दुधाबरोबर कधीच नाही.

लिंबूपाण्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण यात अतिरेक होतो. क जीवनसत्त्व लोहाला शोषणाजोग्या रूपात ठेवतं, आणि पालेभाजी-डाळीतल्या लोहासाठी जेवताना लिंबू पिळण्याचा फायदा खराच आहे. पण लोहाच्या गोळीबरोबर क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी दिल्याने हिमोग्लोबिन अधिक वाढतं का, हे चाचणीत पाहिलं तेव्हा फरक दिसला नाही. त्यामुळे त्या गोळीवर वेगळे पैसे खर्च करू नका. माझंच नुकसान करून सांगतोय.

रिकाम्या पोटी लोह घेतलं की मळमळतं, अशी निम्म्या लोकांची तक्रार असते. अशा वेळी गोळी बंद करण्यापेक्षा थोडं खाऊन घेतलेली बरी: दोन घास पोहे, एखादं केळं, पण दूध-दही नको. शोषण थोडं घटेल. बंद केलेल्या गोळीचं तर शून्यच असतं.

बद्धकोष्ठता होते म्हणून लोक रात्री इसबगोल घेतात, आणि लोहही रात्रीच. इसबगोल लोहाला कवेत घेऊन बाहेर पडतं. दोन तासांचं अंतर ठेवा. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असलेलं ॲसिडिटीचं औषधही लोहाजवळ नको.

तपासा: लोह सुरू झाल्यावर शौचाला काळसर होणं नेहमीचं आहे. डांबरासारखं चिकट, घाण वासाचं आणि सोबत गरगरणं असेल तर ती लोहाची खूण नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सावधान: लाल, गोल, चकचकीत लोहाची गोळी लहान मुलाला जेम्सच्या गोळीसारखी दिसते. मूठभर गिळल्या तर जिवावर बेततं. स्ट्रिप उंच फळीवर.

## टप्पा ६: झिंक, मॅग्नेशियम आणि ‘सगळं एकात’

लोह आणि झिंक रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर एकदम घेतले तर झिंकचं शोषण घटतं. जेवणात मिसळून गेले तर तेवढा फरक पडत नाही. झिंकने अनशापोटी उलटीची भावनाही येते, म्हणून त्याला नाश्त्यानंतरची जागा द्या.

झिंकच्या बाबतीत खरा धोका वेळेपेक्षा मुदतीचा आहे. सर्दीत कुणीतरी ५० मिलिग्रॅमची गोळी सांगतं, सर्दी जाते, गोळी वर्षभर चालू राहते. इतकं झिंक आठवडेच्या आठवडे घेतलं की तांब्याचं शोषण अडतं, आणि तांबं कमी पडलं की रक्तक्षय होतो, जो लोहाने बरा होत नाही. मुंग्या, चालताना तोल जाणं इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते. मोठ्या माणसासाठी रोजची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम धरतात. तुमच्या कागदावर केसांची गोळी, मल्टीव्हिटॅमिन आणि झिंकची गोळी यांची बेरीज करून पाहा.

मॅग्नेशियम रात्रीच्या जेवणानंतर. ऑक्साइड असेल तर पोट सैल होतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मॅग्नेशियम, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीची पातळ औषधं स्वतःच्या मनाने घ्यायचीच नाहीत.

मल्टीव्हिटॅमिनमध्ये लोह, कॅल्शियम, झिंक सगळं थोडं थोडं असतं. रक्तक्षयावर उपचार म्हणून ती पुरी पडत नाही, आणि तिच्यात कॅल्शियम आहे म्हणून घाबरायचंही कारण नाही. दुपारच्या जेवणाबरोबर घ्या, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास सोडून.

## टप्पा ७: घड्याळात मांडून पाहा

थायरॉइड, रक्तक्षय आणि हाडं, अशा तिन्हींसाठी गोळ्या असलेल्या घरातल्या बाईंचा दिवस असा बसतो:

६:०० थायरॉक्सिन, साधं पाणी
७:०० चहा
८:३० नाश्ता
११:०० लोह, लिंबूपाणी
१:३० जेवण + कॅल्शियम
४:३० चहा
८:३० जेवण + कॅल्शियम

नोकरी करणाऱ्यांना अकराची वेळ साधत नाही. ते लोह रात्रीवर ढकलतात, इथवर ठीक. पण मग रात्रीचं कॅल्शियम ते नाश्त्यावर आणतात आणि तिथे फसतात: थायरॉक्सिन सहाला, कॅल्शियम साडेआठला, अंतर अडीचच तास. त्यापेक्षा कॅल्शियम दुपारी आणि रात्री आठच्या जेवणालाच ठेवा, लोह साडेदहाला पेलाभर पाण्याबरोबर. गोळी घेऊन लगेच आडवं होऊ नका, छातीत जळजळतं. आणि हळदीचं दूध त्या रात्रीपासून संध्याकाळच्या चहाच्या जागी.

गरोदर बाईंसाठी: सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. आशाताई दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत देतात, म्हणून ती एकत्र घ्यायची असा समज होतो. कॅल्शियम नाश्त्याबरोबर आणि रात्रीच्या जेवणाबरोबर, लोह दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी. त्यानंतरचा चहा एक तास पुढे. थायरॉइडची गोळीही चालू असेल तर नाश्त्याचं कॅल्शियम दुपारच्या जेवणावर जाईल आणि लोह सकाळी अकराला.

## टप्पा ८: मध्येच अँटिबायोटिक आलं तर

सगळं घडी बसल्यावर ताप येतो किंवा लघवीला जळजळ होते आणि पाच दिवसांचा कोर्स सुरू होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधं लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांना चिकटतात. इथे लोह वाया जाण्यापेक्षा अँटिबायोटिक कमी पडणं जास्त वाईट. सिप्रोफ्लॉक्सासिन अशा गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायचं असतं. ते दिवसातून दोनदा असलं की घड्याळात जागाच उरत नाही. तेव्हा पाच-सात दिवस खनिजांच्या गोळ्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा ‘थांबवा’ असंच उत्तर येतं. कोर्स संपल्यावर त्या पुन्हा सुरू करायला मात्र लोक विसरतात. कागदावर तारीख टाका.

## चुका, ज्या पुन्हा पुन्हा दिसतात

सात कप्प्यांची डबी आणली की सकाळच्या कप्प्यात सगळ्या गोळ्या एकदम पडतात. डबी घ्यायची तर दिवसाला तीन-चार कप्पे असलेली घ्या, नाहीतर लोहाची स्ट्रिप डबीबाहेर, पाण्याच्या माठाजवळ ठेवा.

सुटलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. लोहाचा मोठा डोस गेला की शरीर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि पुढचा साधारण दिवसभर आतड्याचा दरवाजा लोहासाठी अर्धवट लावून घेतं. म्हणूनच काही डॉक्टर हल्ली लोह एक दिवसाआड देतात. ते वाचून स्वतःच दिवसाआड सुरू करू नका, गरोदरपणात तर नाहीच.

उलट बाजूचा अतिरेकही दिसतो. हिमोग्लोबिन चांगलं असलेली माणसं भाजीत पनीर आलं म्हणून हळहळतात. एका जेवणापुरतं मोजलं तर कॅल्शियमने लोहाचं शोषण बरंच घटलेलं दिसतं, पण महिनोन्महिन्यांच्या नेहमीच्या जेवणात त्याचा हिमोग्लोबिनवर फारसा परिणाम दिसत नाही. घड्याळाची ही कसरत गोळ्यांसाठी आहे, वरण-भात-ताकासाठी नाही.

## महिन्याने काय पाहायचं

लोह नीट अंगी लागत असेल तर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वर सरकायला हवं. सरकलं तर गोळी लगेच बंद करायची नाही. रक्तातला आकडा भरल्यावरही शरीरातला साठा भरायला सुमारे तीन महिने लागतात. फेरिटिनच्या तपासणीत तो साठा दिसतो.

वेळा काटेकोर पाळूनही आकडा हलला नाही, तर आणखी महाग गोळी मागायला माझ्याकडे येऊ नका. पाळीत जास्त रक्त जाणं, मूळव्याध, जंत, पोटातला छुपा रक्तस्राव किंवा बी-१२ची कमतरता, यातलं काहीतरी शोधावं लागेल. थॅलेसेमिया मायनर (रक्तातला एक आनुवंशिक दोष) असेल तर लाल पेशी लहान दिसतात आणि लोह कमी असल्याचा भास होतो, पण फेरिटिन ठीक असतं. तिथे लोह देऊन उपयोग होत नाही. डॉक्टरांकडे जाताना ताटावरून केलेला तो चार रकान्यांचा कागद बरोबर न्या, आणि प्रत्येक ओळीपुढे वेळ लिहिलेली असू द्या.